मळभ, बर्फ, दहिवर आणि ओली वाळू : निसर्गातून अमूर्ताकडे गेलेल्या छायाचित्रांची गोष्ट

१/
सन १९२२. न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज या तळ्याकाठच्या घरी ५८ वर्षांच्या एका छायाचित्रकाराने कॅमेऱ्याचे तोंड आकाशाकडे वळवले. घरात आई मरणपंथाला लागली होती. कुटुंबाची इस्टेट मोडकळीस आली होती. भोवतालची चेस्टनटची झाडे एकेक करून वाळत होती. यांपैकी कशाचेही छायाचित्र त्याने त्या क्षणी घेतले नाही. त्याने ढग टिपले. हा छायाचित्रकार म्हणजे आल्फ्रेड स्टिगलिट्झ.

२/
या ढगांनी एक जुना पेच नव्याने पुढे आणला. चित्रकार कोऱ्या कॅनव्हासवर मनातला आकार उमटवू शकतो. कॅमेऱ्याला ती मुभा नाही. त्याच्यासमोर काहीतरी असावेच लागते. मग जे समोर आहे त्याचीच नोंद करणाऱ्या यंत्राकडून अमूर्त चित्र कसे घडावे? विसाव्या शतकातील काही छायाचित्रकारांनी याचे उत्तर वजाबाकीत शोधले. कोणी क्षितिज वजा केले, कोणी जमीन, कोणी आकारमानाचा अंदाज, तर कोणी नाव. या वजाबाकीत त्यांना सर्वांत मोठी मदत झाली ती ऋतूंची. हा धागा त्या वजाबाकीचा आहे. त्याचे शेवटचे टोक अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्यावर आहे.

३/
प्रथम आकाशाची अडचण समजून घेऊ. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रणाच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत. जमीन नीट उमटेपर्यंत थांबावे, तर तेवढ्या वेळात आकाश पांढरेफटक होऊन जाई आणि ढग नाहीसे होत. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी १८५०च्या दशकात समुद्राची जी विख्यात छायाचित्रे केली, त्यांतील काहींसाठी त्यांनी दोन वेगवेगळ्या निगेटिव्ह वापरल्या : एक पाण्याची, दुसरी आकाशाची. छापताना दोन्ही क्षितिजरेषेवर जुळवल्या. म्हणजे छायाचित्रातले आकाश तेव्हा बरेचदा जोडकामाने आणावे लागे.

४/
ही कोंडी फोडण्याची सुरुवात जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फोगेल यांनी केली. १८७३ मध्ये त्यांच्या लक्षात आले की काचेवरील लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली, तर तो निळ्याखेरीज हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही प्रतिसाद देतो. पुढे लाल रंगही ‘दिसणाऱ्या’ काचा बाजारात आल्या आणि निळे आकाश गडद ठेवून ढग उठावदार करणे शक्य झाले. १८८०च्या दशकात बर्लिनमध्ये फोगेल यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते स्टिगलिट्झ. त्याच दशकात स्वित्झर्लंडच्या डोंगरात त्यांनी नव्या काचांवर ढग टिपण्याचे प्रयोग केले होते. १९२२ चे ढग अचानक आलेले नव्हते. ते जवळजवळ ३५ वर्षे मनात साठून होते.

५/
मधल्या काळात स्टिगलिट्झ अमेरिकेतील आधुनिक कलेचे एक प्रमुख पुरस्कर्ते झाले. न्यूयॉर्कमधील ‘२९१’ या त्यांच्या छोट्या कलादालनात १९११ मध्ये पिकासो यांची चित्रे लागली. त्यांच्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाने १९१२ मध्ये कांदिन्स्की यांच्या कलेतील आत्मिकतेविषयीच्या ग्रंथातील उतारा छापला. चित्रकला वस्तूंचे अनुकरण सोडून संगीताच्या जवळ जाऊ शकते, हा विचार त्या वर्तुळात चांगलाच रुजला होता. प्रश्न इतकाच होता : कॅमेऱ्यालाही हे साधेल काय?

६/
पहिली उत्तरे घरातून आणि कार्यशाळेतून आली. १९१६ मध्ये पॉल स्ट्रँड यांनी वाडगे आणि ओसरीवर पडलेल्या सावल्या इतक्या जवळून टिपल्या की वस्तू मागे पडली आणि आकार पुढे आले. १९१७ मध्ये लंडनमध्ये ऑल्विन लँग्डन कोबर्न यांनी आरशांच्या जोडणीतून प्रतिमेचे तुकडे करून छायाचित्रे घडवली. दोन्ही प्रयोग धाडसी होते. पण दोन्हींत मांडणी माणसाच्या हातात होती. वाडगे हलवता येतात, आरसे फिरवता येतात. ढगाला मात्र कोणी ‘जरा डावीकडे सरक’ असे सांगू शकत नाही.

७/
स्टिगलिट्झ यांनी १९२३ मध्ये एका ब्रिटिश छायाचित्रण साप्ताहिकात लेख लिहून आपण ढगांकडे का वळलो ते सांगितले. एका तरुण अमेरिकी लेखकाने त्यांच्या व्यक्तिचित्रांच्या सामर्थ्याचे श्रेय, समोर बसलेल्या माणसावर ते टाकत असलेल्या मोहिनीला दिले होते. हे त्यांना झोंबले. ज्यावर कोणाचीही मोहिनी चालत नाही असा विषय घेऊन दाखवायचा, असे त्यांनी ठरवले. ढग सर्वांचे आहेत, त्यांच्यावर अजून कर बसलेला नाही, असा मिस्कील शेराही त्यांनी मारला. विषयाचे मोठेपण हेच छायाचित्राचे मोठेपण, या समजुतीला दिलेले हे उत्तर होते.

८/
त्याच लेखात मरणासन्न आई आणि वाळणारी चेस्टनटची झाडे येतात. या झाडांचा उल्लेख केवळ वातावरणनिर्मितीसाठी नाही. आशियातून आलेल्या एका बुरशीचा रोग १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम लक्षात आला आणि पुढच्या सुमारे पन्नास वर्षांत त्याने अमेरिकेच्या पूर्व भागातील अब्जावधी चेस्टनट झाडे नष्ट केली. ज्या झाडाच्या लाकडाची घरे आणि कुंपणे उभी राहिली, ज्याची फळे माणसे आणि जनावरे खात आली, ते एका पिढीच्या डोळ्यांदेखत रानातून नाहीसे झाले. स्टिगलिट्झ यांचे ढग या पडझडीच्या माथ्यावरचे ढग आहेत.

९/
१९२२ च्या पहिल्या मालिकेला त्यांनी संगीताचे नाव दिले. तिच्यात दहा छायाचित्रे होती. संगीतकार अर्नेस्ट ब्लॉख यांनी ती पाहावीत आणि ‘हे तर संगीत!’ असे उद्गारावे, अशी त्यांची इच्छा होती. स्टिगलिट्झ यांनीच दिलेल्या हकिकतीनुसार घडलेही तसेच. मात्र या मालिकेत अनेक ठिकाणी खाली डोंगराची काळी कड आहे. पाहणाऱ्याच्या पायाखाली अजून जमीन आहे. म्हणून हे निसर्गदृश्यच राहते, जरी त्याचा बहुतेक भाग आकाशाने व्यापला असला तरी.

१०/
१९२३ पासून ते हातात धरता येणारा लहान कॅमेरा ढगांसाठी वापरू लागले. मोठा कॅमेरा तिवईवर उभा असतो, त्यामुळे त्याची नजर साहजिकच समोर जाते. हातातला कॅमेरा थेट डोक्यावर रोखता येतो. परिणाम असा झाला की चौकटीतून डोंगर गेला आणि क्षितिजही गेले. क्षितिज गेले की वर कोणते, खाली कोणते, जवळ काय, दूर काय, हे कळण्याचा आधारच जातो. काही छायाचित्रे तर त्यांनी फिरवून, वेगळी बाजू वर ठेवून चिकटवली. पहिली वजाबाकी पूर्ण झाली.

११/
या छायाचित्रांना १९२५ पासून त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ ‘समतुल्य’ असा होतो. ढगाचा हा आकार आपल्या अंतरंगातील अवस्थेच्या तोलाचा आहे, असा त्यांचा दावा होता. इंग्रजी वाचकांना तो समजावून सांगताना समीक्षकांनी पानेच्या पाने खर्ची घातली. मराठी माणसाला मात्र एक शब्द पुरतो : मळभ. मळभ आभाळात येते आणि मनावरही येते. आभाळ भरून येते, तसाच ऊरही भरून येतो. या बोलण्यात ढग मनाचे चिन्ह होऊन येत नाही. दोन्हींकडे एकच अवस्था असते. स्टिगलिट्झ यांना नेमके हेच म्हणायचे होते.

१२/
ही छायाचित्रे प्रत्यक्षात किती लहान आहेत हे छापील पुस्तकांतून कळत नाही. बहुतेकांचा आकार सुमारे ९ × १२ सेंटीमीटर, म्हणजे तळहाताएवढा. आकाश अनेकदा जवळजवळ काळे, त्यावर ढगांचे पांढरे-करडे पट्टे. अफाट आकाश तळहातावर मावते, तेव्हा ते ‘देखावा’ राहत नाही. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांनी अशी दोनशेहून अधिक छायाचित्रे केली.

१३/
येथे या गोष्टीत एक ओळखीचे नाव येते : आनंद कुमारस्वामी. सिलोनमध्ये जन्मलेले हे कलापंडित १९१७ पासून बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात भारतीय कलाविभाग सांभाळत होते. ते स्वतःही छायाचित्रे काढत. छायाचित्र ही संग्रहालयात ठेवण्याजोगी कला आहे, हे तेव्हा अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांना मान्य नव्हते. कुमारस्वामी यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये बॉस्टनच्या संग्रहालयाने स्टिगलिट्झ यांची २७ छायाचित्रे स्वीकारली. आधुनिक छायाचित्रणाला संग्रहालयाचे दार उघडून देण्यात भारतीय कलेच्या अभ्यासकाचा हात होता, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एका ओळीत आटोपली जाते.

१४/
हा केवळ योगायोग मानावा काय? कुमारस्वामी यांचा राजपूत चित्रकलेवरील ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या परंपरेतील बारामासा चित्रे पाहिली की मुद्दा स्पष्ट होतो. तेथे श्रावणातला काळा मेघ आणि त्यातून उडणारी बगळ्यांची रांग ही हवामानाची नोंद नसते. ती विरहाची किंवा मीलनाची अवस्था असते. बारा महिने म्हणजे मनाच्या बारा अवस्था. कला निसर्गाची नक्कल करत नाही, ती त्याचे रूपांतर करते, हा विचार कुमारस्वामी यांनी आयुष्यभर मांडला. १९३४ च्या त्यांच्या ग्रंथाचे नावही तेच सांगते. असा माणूस ढगांच्या छायाचित्रकाराचा पाठीराखा व्हावा, यात नवल नाही.

१५/
या वाटेवर आक्षेपही आले, आणि ते पोकळ नव्हते. १९३०च्या दशकात मंदीने लाखो माणसे देशोधडीला लागली होती, युरोपवर युद्धाचे सावट होते. जग कोसळत असताना हे लोक खडकांची छायाचित्रे कसली घेत बसले आहेत, असा टोला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या नावावर सांगितला जातो. त्याचा रोख एडवर्ड वेस्टन आणि अँसेल ॲडम्स यांच्यावर होता. हा प्रश्न अमूर्त छायाचित्रणाच्या पाठीस कायमचा लागला आहे : निसर्गातले आकार टिपणे म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे आहे काय?

१६/
आता डेट्रॉइट, १९४३. मोटारींचे हे शहर तेव्हा युद्धसामग्री बनवण्यात गुंतले होते; त्याच वर्षी जूनमध्ये तेथील वांशिक दंगलीत ३४ माणसे मृत्युमुखी पडली. याच शहरात मोटार कंपनीत नोकरी करणारे, छायाचित्रण स्वतःच्या हौसेने शिकलेले हॅरी कॅलहॅन बर्फातून वर आलेले तण टिपत होते. त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रात बर्फाचा पोत जवळजवळ नाहीसा झाला आहे. उरतो कोरा पांढरा कागद आणि त्यावर टोकदार लेखणीने ओढाव्यात तशा मोजक्या काळ्या रेषा.

१७/
स्टिगलिट्झ यांनी क्षितिज वजा केले होते, कॅलहॅन यांनी जमीन वजा केली. हे काम अर्धे हिवाळ्याने केले, अर्धे छायाचित्रकाराने. उन्हाळ्यात तेच तण हिरव्या गर्दीत हरवले असते. हिवाळ्याने भोवतालचे सगळे झाकले. नंतर अंधारखोलीत गडद-फिक्यातील भेद वाढवून छपाईने उरलेसुरले पुसले. पायदळी जाणाऱ्या तणालाही रेषेची प्रतिष्ठा मिळू शकते, एवढे एक सत्य त्या छायाचित्राने दाखवले. १९४६ मध्ये मोहोली-नॉज यांनी कॅलहॅन यांना शिकागोच्या आपल्या कलाशाळेत शिकवण्यास बोलावले आणि पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या घडल्या.

१८/
तिसरी वजाबाकी आकारमानाची. मायनर व्हाइट यांचे पदवीशिक्षण वनस्पतिशास्त्राचे. १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांची स्टिगलिट्झ यांच्याशी भेट झाली; त्याच वर्षी स्टिगलिट्झ वारले. ‘समतुल्य’ ही कल्पना व्हाइट यांनी पुढे नेली. १९५०च्या दशकात रॉचेस्टर या थंड शहरातील आपल्या घराच्या खिडक्यांवर गोठलेले दहिवर त्यांनी टिपले. काचेवर वीतभर जागेत साचलेले स्फटिक छायाचित्रात कधी बर्फाच्छादित शिखरे वाटतात, कधी नेच्याची पाने, कधी दूरवरचे तारे. शेजारी हात नाही, नाणे नाही, खिडकीची चौकट नाही. मग हे इंचात मोजायचे की मैलात, हे सांगणार कसे?

१९/
व्हाइट यांच्यासाठी ही केवळ दृष्टीची गंमत नव्हती. ते समलिंगी होते. त्या काळच्या अमेरिकेत हे उघड झाले असते तर अध्यापनाची नोकरी जाण्याची धास्ती असे. पुरुषदेहाची जी छायाचित्रे त्यांनी केली, त्यांतील फार थोडी त्यांच्या हयातीत लोकांसमोर आली. खडक, लाटा आणि दहिवर यांच्या मालिका मात्र ते मोकळेपणाने दाखवू शकत. जे बोलता येत नाही ते सांगण्यासाठी त्यांना निसर्गाच्या आकारांची भाषा मिळाली. क्रमांक १५ मधल्या आक्षेपाचे एक उत्तर येथे सापडते : अमूर्त म्हणजे दर वेळी जगापासून पळणे नसते, कधी जगाने तोंड दाबलेल्या माणसाचे ते बोलणे असते.

२०/
चौथी वजाबाकी नावाची, आणि ती आपल्या जवळची. नसरीन मोहमदी यांचा जन्म १९३७ चा, कराचीचा. बालपणीच कुटुंब मुंबईला आले. १९५४ ते १९५७ या काळात त्यांनी लंडनमध्ये कलाशिक्षण घेतले. मुंबईत भुलाभाई देसाई यांच्या नावाच्या संस्थेत त्यांना वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांचा सहवास लाभला. १९७२ पासून त्या बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकवू लागल्या. जग त्यांना ओळखते ते शाई आणि पेन्सिलीने ओढलेल्या काटेकोर रेषांच्या रेखाटनांसाठी. त्या छायाचित्रेही काढत, हे त्यांच्या हयातीत फार थोड्यांना ठाऊक होते. त्यांच्या वडिलांचे बहारीनमध्ये छायाचित्रणाच्या साहित्याचे दुकान होते, म्हणजे कॅमेरा त्यांना परका नव्हता.

२१/
त्यांच्या कृष्णधवल छायाचित्रांत समुद्राची कड, ओली वाळू, वाळवंट, फरसबंदी आणि मागावरचे ताणे येतात. भरती ओसरली की किनाऱ्यावर काय उरते हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही : ओलीचा गडद पट्टा, कोरडा फिकट पट्टा, मध्ये परतत्या पाण्याने ओढलेली नागमोडी रेघ. मोहमदी यांच्या चौकटीत हेच पट्टे एवढे उघडे होतात की समुद्र आठवण्याआधी उजेड आणि अंधार यांची विभागणी दिसते. त्यांच्या रेखाटनांतील रेषा आणि किनाऱ्यावरील रेषा ही एकाच नजरेची दोन कामे होती.

२२/
या छायाचित्रांना त्यांनी शीर्षके दिली नाहीत, त्यांवर तारखाही घातल्या नाहीत. हयातीत त्यांचे प्रदर्शनही भरवले नाही. दुसरीकडे, शरीराच्या हालचालींवरचा ताबा हळूहळू हिरावून घेणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांना ग्रासले होते. तरीही रेखाटनांतील रेषा ढळली नाही. १९९० मध्ये किहीम येथे, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या किनारपट्टीवर दर भरती-ओहोटीला रेघा उमटतात आणि पुसल्या जातात, तिथेच त्यांचा शेवट झाला.

२३/
छायाचित्रे जगासमोर आली ती त्यांच्या मृत्यूनंतर. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आधुनिक कलेसाठी नवी वास्तू उघडली, तेव्हा उद्घाटनाच्या प्रदर्शनांत मोहमदी यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन होते. यात इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावी अशी एक बाब आहे. अमूर्त छायाचित्रणाची प्रचलित कथा लेक जॉर्ज, डेट्रॉइट, रॉचेस्टर अशी अमेरिकेतच फिरते. ती कथा खोटी नाही, अपुरी आहे. जी छायाचित्रे प्रदर्शनात लागली नाहीत, ज्यांवर नाव-तारीख नाही, ती इतिहासलेखनातून सहज निसटतात. साधनांचे मौन म्हणजे घटनेचा अभाव नव्हे, हा धडा शिलालेखांइतकाच छायाचित्रांनाही लागू आहे.

२४/
हिशेब मांडू. क्षितिज, जमीन, आकारमान, नाव : चौघांनी चार गोष्टी वजा केल्या. तरीही चारही ठिकाणी एक गोष्ट बाकी राहते, आणि ती म्हणजे काळ. तो ढग त्याच दिवसाचा होता. ते तण त्याच हिवाळ्यातले. ते दहिवर उन्हे वर येईपर्यंतचे. ती ओली रेघ पुढच्या भरतीपर्यंतची. चित्रकाराचे अमूर्त काळाबाहेर उभे राहू शकते. छायाचित्राचे अमूर्त राहू शकत नाही. ओळख पुसली गेली, तरी ‘हे एकदा होते’ ही साक्ष त्यातून पुसता येत नाही.

२५/
स्टिगलिट्झ यांच्या आई १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये गेल्या. लेक जॉर्जच्या परिसरातील जुने चेस्टनटही पुढे उरले नाहीत. त्या दिवसांचे आकाश मात्र तळहाताएवढ्या कागदांवर शिल्लक आहे. त्यात आई नाही, झाड नाही, घर नाही. मळभ आहे. ते कोणावरचे होते, हे ज्याला इतिहास ठाऊक आहे त्याला कळते. ज्याला ठाऊक नाही त्यालाही ते जाणवते.

(धागा समाप्त)